हात न लागलेलं घर

जुनी घरं जपणाऱ्या वारसा समितीच्या माणसाने जिन्याजवळच्या भिंतीवर तळवा ठेवला, क्षणभर तसाच ठेवून राहिला आणि म्हणाला, "काकू, या घराला कुणाचा हात लागलेला नाही. हेच तर याचं मोल आहे." ती स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती. कप बशीवर किणकिणला. एवढंच झालं. बघणाऱ्याला काही घडलं असं वाटलंही नसतं, आणि घडलं तरी काय होतं? एका सज्जन तरुण माणसाने तिच्या घराची तोंडभरून स्तुती केली होती. पण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत आणि याच जागी उभं राहून, तिचा नवरा आल्यागेल्याला ऐकवायचा, आणि तेव्हाही ती याच दारात चहाचा कप घेऊन उभी असायची. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्याचे कपडे गेले, चपला गेल्या, खोकला गेला. हे वाक्य तेवढं कुठेतरी सांदीत दबा धरून बसलं होतं आणि पहिला परका पुरुष आत येताच त्याच्या तोंडात शिरलं होतं.

ज्या जागी त्या माणसाचा तळवा होता तिथला गिलावा तिने भरलेला होता. लेक तेव्हा रांगत होती. पावसाळाभर ओल धरून भिंत फुगली आणि एका दुपारी ताटाएवढा पोपडा धप्पदिशी खाली आला. लेक दचकून रडायला लागली. तिला उचलून घेताना हिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की संध्याकाळी हे त्यांना दिसता कामा नये. नवऱ्याला घरात गवंडी-सुतार खपत नसत. मारझोड नाही, आरडाओरड नाही, माणूस तसा पापभीरू. गोदामात साठ्याची राखण करायची, मान खाली घालून जायचं आणि मान खाली घालून यायचं. बाहेर त्याला कुणी विचारत नव्हतं, पण हे घर त्याच्या खापरपणजोबांनी बांधलेलं होतं आणि त्यात इकडची काडी तिकडे झालेली नव्हती, हे तो कुणालाही कधीही सांगू शकत होता. घरात गवंडी आला की तो जेवत नसे. ताटावर बसून राही, घास उचलत नसे आणि उठतही नसे, आणि तो उठेपर्यंत बाकी कुणाला उठता येत नसे. एकदा तिने कौलं शाकारायला माणूस बोलावला होता. त्यानंतरचं ते ताटावरचं बसणं तिला जन्मभर पुरलं. म्हणून मग त्या दुपारी तिने पडलेला पोपडा कुटला, त्याची पूड चाळली, गल्लीच्या टोकाला काम चाललेल्या ठिकाणाहून भिजवलेला चुना डब्यात मागून आणला आणि लेकीला झोपवून, करवंटीच्या पाठीने घासत घासत ती भिंत बुजवली. कडा ओल्या फडक्याने मारून घेतल्या. संध्याकाळी नवरा आला, त्याच भिंतीला हात टेकून त्याने चपला काढल्या. भिंत पावसाने ओलीच होती, त्याला काही कळलं नाही. तिला त्या क्षणी झालेला आनंद आठवला, आणि आता, इतक्या वर्षांनी, त्या आनंदाचीच तिला शिसारी आली.

समितीचा माणूस बोलत होता. तो चांगला माणूस होता, हीच पंचाईत होती. नाक उडवणारा, साहेबी थाटाचा कुणी असता तर तिने त्याला चहा देऊन वाटेला लावला असता. हा जिन्यावर मांडी घालून बसला, कप दोन्ही हातांत धरून त्याने तिला समजावून सांगितलं. मोठ्या लोकांची घरं टिकतात, म्हणाला, त्यांना टिकवायला सगळे असतात. पण दीडशे वर्षांपूर्वी खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असं छोट्या माणसाने छोट्या माणसासाठी बांधलेलं घर कुणी ठेवत नाही. ज्याच्याकडे चार पैसे आले त्याने ते पाडलं, ज्याच्याकडे नाही आले त्याचं ते पडलं. या सबंध भागात त्या प्रकारचं हे एकच उरलंय. हा उभा जिना, ही झडपांची खिडकी, चुन्याच्या भिंती, रस्त्याकडे एकच उजेडाची वाट आणि मागे सगळा अंधार. त्या काळी साधा माणूस कसा राहायचा ते इथे नुसतं आत आल्यावर कळतं. ती ऐकत राहिली. मागे सगळा अंधार, हे त्याने अगदी बरोबर पकडलं होतं. तिचं स्वयंपाकघर त्या अंधारात होतं. भर दुपारी तिथे दिवा लावावा लागे. मागच्या भिंतीला एक खिडकी पाडू, असं ती लग्नाच्या वर्षी म्हणाली होती आणि नवरा म्हणाला होता, बघू पुढच्या वर्षी. ते पुढचं वर्ष त्याने मरेपर्यंत पुढेच ठेवलं, आणि तोवर मागे उंच इमारत उभी राहिली, तेव्हा खिडकी पाडूनही उपयोग नव्हता.

तिला वाटलं, याला सांगून टाकावं. फसवणूक होतेय बिचाऱ्याची. आणि सांगितलं तर कदाचित आपणही सुटू. तिने घसा खाकरून सांगितलं, की तुम्ही हात लावला तो चुना माझा आहे. तुम्ही बसलायत ती पायरीही जुनी नाही. मूळची वाळवीने खाल्ली होती. पलीकडचं घर पाडलं तेव्हा तिथली फळी मी आणली, कापून बसवली आणि चहाच्या पाण्याने काळी केली. झडपांच्या पट्ट्या अर्ध्याअधिक मी बदलल्यात. ती सांगत गेली तसा त्या माणसाचा चेहरा पडेल असं तिला वाटत होतं. तो उजळत गेला. तो उठून खाली वाकला, पायरी बघितली, पुन्हा बघितली. "पण दिसतच नाही की!" म्हणाला. "दिसू नये म्हणूनच केलंय," ती म्हणाली. तो हसला. मग आदराने, अगदी मनापासून म्हणाला, की काकू, हे तर फारच मोठं आहे. सिमेंट थापलं असतंत तर गोष्ट वेगळी होती. त्याच चुन्याने, त्याच लाकडाने, त्याच रीतीने केलेली दुरुस्ती घराचं मोल कमी करत नाही, वाढवते. घर जिवंत आहे असा त्याचा अर्थ. मी हे सुनावणीत आवर्जून मांडणार. तिने रिकामा कप उचलला. दाराशी चपला घालताना तो सहज म्हणाला की घर वारशाच्या यादीत घ्यावं हा अर्ज तुमच्या मुलीचा आहे, पण घर तुमच्या नावावर. उद्याच्या सुनावणीत तुम्हालाच विचारतील. तुम्ही नको म्हणालात तर समिती कुणावर जबरदस्ती करत नाही. एकदा हो म्हटलं की मात्र पाडणं नाही, आणि पाडायला मिळत नाही म्हटल्यावर बिल्डर मंडळीही वाट वाकडी करत नाहीत, तेव्हा काळजी नको. ती म्हणाली, हो, मुलीने सांगितलंय. मुलीने तिला काहीही सांगितलेलं नव्हतं.

दुपारी ती लाँड्रीत कामाला गेली. लाँड्रीच्या दर्शनी काचेला लागून तिची खुर्ची होती. लग्नाआधीपासून ती रफूचं काम करत होती आणि इथे तिला सगळे रफूवाल्या बाई म्हणत. इथला उजेड चांगला होता, म्हणून ती सुट्टीच्या दिवशीही कधीकधी येऊन बसे आणि लाँड्रीवाला म्हणे, तुम्हाला घरदार आहे की नाही? आज तिच्यापुढे एका कोटाची बाही होती, कोपराजवळ सिगारेटने जळलेली. तिने कोट उलटा केला, आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे ओढून काढले आणि एकाआड एक धागा उचलत सुई घातली. परका धागा कितीही सारखा असला तरी उन्हात उघडा पडतो, धागा त्याच कापडाचा हवा, हे तिला शिकवणाऱ्या बाईने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. गिऱ्हाईकाने कापड हातात घेऊन विचारलं पाहिजे, कुठे होतं हो भोक? तीच पावती. जन्मभर तिने ही पावती मिळवली. आता सुई दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बोटात गेली. डोळ्यांना हल्ली धागे एकमेकांत मिसळल्यासारखे दिसत. डॉक्टर म्हणाला होता, उजेडात काम करा, उजेडात राहा, अंधारात डोळे ताणू नका. सांगायला काय जातंय. तिने बोट तोंडात धरलं आणि काचेतून बाहेर बघत बसली.

बाहेर माणसं चालली होती आणि तिच्या डोळ्यांपुढे ती खोली होती. तिसऱ्या मजल्यावरची, रिकामी, नव्या रंगाच्या वासाची. गेल्या महिन्यात ती कुणाला न सांगता ती बघून आली होती. बिल्डरला तिनेच निरोप धाडला होता. जागेच्या बदल्यात दोन खोल्या, लेकीच्या घरापासून चालत जाता येईल अशा. बिल्डरचा माणूस किल्ल्या खुळखुळवत दारात उभा राहिला आणि ती आत गेली. दोन्ही खोल्यांना खिडक्या होत्या, स्वयंपाकघराला सुद्धा. फरशीवर ऊन पडलं होतं. नुसतं पडलं होतं, कुणी त्याला अडवत नव्हतं. तिने चपला काढल्या आणि ती उन्हात फरशीवर बसली. पर्समधून सुई काढली, दोरा काढला, चष्मा न लावता पहिल्याच खेपेला ओवला. बिल्डरच्या माणसाला वाटलं असणार, म्हातारीचं डोकं फिरलंय. ती मात्र तिथे बसून रडली. दुःखाने नव्हे, इतकी वर्षं काय हवं होतं ते तिला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं आणि ते असं फरशीवर सांडलेलं होतं, म्हणून. उतरताना तिने मनात ठरवून टाकलं. लेकीला सांगायचं सगळं पक्कं झाल्यावर, एकदम. दिसू न देता करायची सवय, ती इथेही आडवी आली. आधी सांगितलं असतं तर?

लेकीचाही दोष नव्हता, हे तिला कळत होतं. तिला लेकीचा राग यायला हवा होता, पण राग येण्याऐवजी नुसती दमणूक येत होती, हाडांतली. लेकीला वाटलं असणार की आईला कुणी बिल्डर दमात घेतोय. लेक शाळेत शिकवते, लहान मुलांना. या घराविषयी बोलायला लागली की तिचा चेहरा पाच वर्षांच्या पोरीसारखा होतो. लहानपणी जिन्याखाली तिचं तिकीटघर होतं. वर जाणाऱ्या प्रत्येकाला तिकीट काढावं लागे, बापालासुद्धा, आणि बाप मान खाली घालून, गंभीर चेहऱ्याने, चिंचोक्याचं तिकीट काढून वर जाई. झडपांतून सकाळी भिंतीवर उन्हाच्या पट्ट्या पडत, त्या मोजत लेक दूध प्यायची. आई, तशा पट्ट्या कुठेच पडत नाहीत गं, ती अजून म्हणते. आणि हिला आठवतं ते हे, की त्या पट्ट्या भिंतीवर असेपर्यंतच तांदूळ निवडून व्हायला हवेत, नंतर खडे दिसत नाहीत. दोघीजणी त्याच पट्ट्यांकडे बघत होत्या. तिला वाटलं, एका घरात दोन घरं होती आणि आपण दुसरं घर बांधून लेकीला त्यात ठेवलं. चुना लावून, पायऱ्या काळ्या करून, चहा देऊन, मूग गिळून. लेकीला कुठे भोक दिसलंच नाही. कसं दिसणार?

कोट पुरा झाला. लाँड्रीवाल्याने तो उजेडात धरला, बाही चाचपली आणि नेहमीप्रमाणे मान हलवली. तिला एकाएकी वाटलं की ती बाही त्याच्या हातातून ओढून घ्यावी आणि टर्रकन फाडावी. तिने चष्मा डबीत ठेवला, पर्स उचलली आणि आज लवकर जाते म्हणून सांगितलं. वाटेत ती ठरवत गेली. आज सांगायचं, स्पष्ट सांगायचं. उद्या सुनावणीत नको म्हणायचं. एक शब्द, नको. तोंडातल्या तोंडात तिने तो म्हणून बघितला. समोरून येणाऱ्या बाईने चमकून बघितलं.

लेक आधीच येऊन बसली होती, तिच्याजवळ तिची किल्ली होती. जिन्याच्या खालच्या पायरीवर, गुडघ्यांवर हात ठेवून, लहानपणी बसायची तशी. आई आत आल्याबरोबर ती उठली आणि धडाधड बोलायला लागली. समोरच्या दुकानदाराने फोन केला होता, बिल्डरचा माणूस तुमच्याकडे फार फेऱ्या मारतोय म्हणून. मला धडकीच भरली. तू कुणाला नाही म्हणणारी नाहीस. तुझ्याशी बोलले असते तर तू म्हणाली असतीस, कशाला माझ्यासाठी धावपळ. म्हणून नाही बोलले. आज समितीच्या माणसाचा फोन आला, आई, तो तुझं इतकं कौतुक करत होता, मला बोलता येईना. रागावलीस का, न विचारता केलं म्हणून?

ती भिंतीशी टेकली. आता, असं तिने स्वतःला सांगितलं.

"त्या बिल्डरला मीच बोलावलं होतं," ती म्हणाली. "मला हे घर द्यायचंय."

"हे?" लेकीने विचारलं.

"मला हे घर कधीच आवडलं नाही."

बोलून झाल्यावर तिला फार हलकं वाटलं. इतकं सोपं होतं तर ते. इतकी वर्षं आपण एवढ्याशा वाक्याला घाबरत होतो. लेक हसेल, किंवा दमली आहेस म्हणेल, असं तिला वाटलं होतं. लेक हसली नाही. तिने विचारलं, कधीच? आणि ती म्हणाली, कधीच. मग हे सगळं, चुना, झडपा, पायऱ्या, ते कशासाठी केलंस? तुझ्या बाबांना दिसू नये म्हणून, ती म्हणाली, नाहीतर ते जेवायचे नाहीत. लेक हळूहळू पुन्हा पायरीवर बसली. तिचं तोंड उतरलं होतं. ती काही आठवत होती, आणि आठवताना एकेक गोष्ट तिच्या हातून निसटत होती, हे तिच्या आईला समोरून लख्ख दिसत होतं. ते ताटावरचं बसणं लेकीलाही आठवत असणार. बाबांची भूक मंद आहे, असं हिनेच तिला सांगून ठेवलं होतं. लेकीने जिन्याच्या फळीवर हात फिरवला आणि मग तो मांडीवर घेतला, जणू ती फळी परक्याची होती. आई हवालदिल झाली. फाटतंय, तिला वाटलं, आणि मी फाडतेय.

"आणि बाबा?" लेकीने विचारलं. आवाज अगदी बारीक होता. "बाबा तरी आवडायचे ना तुला?"

खरं उत्तर तोंडात तयार होतं. फार मोठं नव्हतं. मला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच होतं. ते तिच्या जिभेवर होतं आणि त्याच्या मागे ती तिसऱ्या मजल्यावरची खोली होती, फरशीवरचं ऊन होतं. एक वाक्य बोललं की ती खोली तिची होती. पण लेकीची हनुवटी थरथरत होती, आणि ती हनुवटी बापाची होती, आणि चिंचोक्याचं तिकीट काढणारा तो मान खाली घातलेला माणूस जिन्याच्या अर्ध्यावर थांबून, वळून, खाली बघत होता. तिला कळलं की घर तेवढं काढून घेता येणार नाही. ते ओढलं की बाप येणार, बापामागून तिकीटघर येणार, पट्ट्या येणार, आणि लेकीच्या हातात नुसतं भोक उरणार. हात आपोआप हलावा तशी तिची जीभ हलली.

"वेडी आहेस का?" ती म्हणाली. "बाबांचं काय त्यात. आवडायचे की."

"आणि घर?"

"घरही. दमलेय गं. डोळे दुखतात, मग असं काहीतरी वेड्यासारखं तोंडातून जातं. तो बिल्डरही पिच्छा सोडत नव्हता, म्हणून वाटलं, देऊन टाकावं एकदाचं."

लेकीचा चेहरा परत जागेवर आला. डोळे भरलेले होते, पण ते पाणी आता सुटकेचं होतं. ती उठून आईच्या गळ्यात पडली, म्हणाली, किती घाबरवलंस, मला खरंच वाटलं. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ गरम होती, जिवंत होती, आणि आपण तिला वाचवलं हे आईला कळत होतं, आणि आपण संपलो हेही कळत होतं. दोन्ही एकाच वेळी आणि सारखंच. उद्या हो म्हणशील ना, लेकीने खांद्यावर डोकं ठेवूनच विचारलं. म्हणेन, ती म्हणाली. डोळ्यांसाठी आपण मोठा दिवा आणू, लेक म्हणाली, पांढरा, कामाचा असतो तसला. बरं, ती म्हणाली. तिला रडू येत नव्हतं. आत कुठेतरी काहीतरी बसत चाललं होतं, ओली माती बसते तसं, आणि तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं, हेच तिला भयंकर वाटलं.

लेक नाक पुसून लगेच कामाला लागली. तिचा स्वभावच तसा. दारात जाऊन, मागे सरकून, घराच्या तोंडाकडे मान वाकडी करून बघायला लागली. समितीवाले पाटी लावतात, म्हणाली, पितळेची, घर कधीचं, कुणी बांधलं ते लिहिलेली. दाराच्या उजवीकडे लावू या का, रस्त्यावरून दिसेल.

"डावीकडे लाव," ती आतूनच म्हणाली. "उजवीकडच्या विटा कधीच गेल्यात. तिथे नुसता मी भरलेला चुना आहे. खिळा धरणार नाही."

"बघ," लेक बाहेरून हसत म्हणाली, "आणि म्हणे आवडत नाही."